रिकाम्या शिंपल्याचे मोल

गडहिंग्लज हे काही समुद्रकाठचे गाव नव्हे. आमची हिरण्यकेशी नदी आंबोलीजवळ उगम पावते. तेथून अरबी समुद्र तसा जवळ. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि आजरा, गडहिंग्लज करीत पूर्वेस घटप्रभेला व पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. असे असले तरी आमच्या बाजारात खाऱ्या पाण्यातील मासळी येते ती कोकणातूनच, घाट चढून. त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावर काय घडते याच्याशी आमचा काही संबंध नाही, असे आम्हा घाटावरच्या लोकांना म्हणता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्यांना भरती-ओहोटी प्रत्यक्ष दाखवावी, म्हणून मी त्यांना आंबोलीच्या घाटाने सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका खाडीच्या मुखाशी घेऊन गेलो होतो. अमावस्येचे उधाण होते. सकाळी ओहोटीला पाणी खूप मागे हटले आणि एरवी पाण्याखाली असलेले काळे खडप उघडे पडले. त्या खडपावर एक वृद्ध बाई उकिडव्या बसून कालवे फोडीत होत्या. लोखंडी हत्याराने त्या कालवाचे वरचे झाकण उडवीत, आतील मांस काढून डब्यात टाकीत आणि पुढे सरकत. एका विद्यार्थिनीने विचारले, "आजी, डबा किती वेळात भरतो?"

आजी म्हणाल्या, "पयले एका सुकतीक डबो भरायचो. आता दोन सुकत्यो गेल्यो तरी बूड दिसता."

थोड्या अंतरावर दोन तरुण पहारीने कालवांचे गठ्ठेच्या गठ्ठे खडपापासून सुटे करून पोत्यात भरीत होते. शिंपल्यासकट कालवांना हॉटेलात भाव चांगला मिळतो, असे त्यांनी सांगितले. ते पाहून आजींनी मान हलवली आणि स्वतः फोडलेल्या कालवाच्या खडकाला चिकटून राहिलेल्या अर्ध्या शिंपल्यावर बोट ठेवले. "ही कवटी हंयच ऱ्हवाक व्हयी. तेच्यारच बारकी बसतत."

म्हणजे ही कवटी येथेच राहायला हवी, हिच्यावरच लहान कालवे बसतात. मी पदार्थविज्ञान शिकवतो. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण परत आल्यावर या विषयावरील वाचन केले, तेव्हा ध्यानात आले की, आजींनी दोन वाक्यांत जे सांगितले तेच कालवांच्या ऱ्हासाच्या साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. रिकामा शिंपला हा कचरा नसून पुढच्या पिढीची जागा आहे. हे ज्यांनी ओळखले नाही त्यांची कालवे संपली. तीच चूक आपण करू नये, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

एका जागी बसलेला प्राणी

कालव हा मृदुकाय प्राणी आहे. तिसऱ्या, मुळे, शिणाणे हे त्याचे भाऊबंद. परंतु तिसरी वाळूत रुतून बसते आणि थोडीफार सरकूही शकते. कालवाचे तसे नाही. त्याची अंडी पाण्यातच फळतात. त्यातून निघालेली अळी दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत, पोहत असते. त्यानंतर मोहरीच्या दाण्याहूनही लहान असलेली ही अळी एखादा कठीण पृष्ठभाग शोधते, स्वतःच्या शरीरातून चिकट द्रव्य सोडते आणि तेथे कायमची चिकटते. मग उभ्या आयुष्यात ती जागा सोडत नाही. चिखलावर पडलेली अळी गुदमरून मरते. खडक, कांदळवनातील झाडांची मुळे, धक्क्याचे खांब यांवर ती बसते. पण तिची आवडती जागा म्हणजे दुसऱ्या कालवाचा शिंपला. अशा रीतीने शिंपल्यावर शिंपला चढत जातो आणि वर्षानुवर्षांनी कालवांचे जाड थर तयार होतात. या थरांच्या फटींतून खेकडे, कोळंबी, लहान मासे, कृमी आसरा घेतात.

एका जागी बसून कालव जगते कसे? ते पाणी आत ओढते, कल्ल्यांवर त्यातील सूक्ष्म वनस्पती व गाळाचे कण गाळून घेते आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडते. अमेरिकेतील एका जातीचे मोठे कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला सुमारे १९० लिटर पाणी गाळू शकते. आपली कालवे ओहोटीच्या वेळी उघडी पडतात व मिटून बसतात. म्हणून आपण सावधपणे त्याच्या चौथ्या हिश्श्याइतके, म्हणजे दिवसाला ५० लिटरच धरू. एका चौरस मीटरमध्ये १०० कालवे आहेत असे मानले, तर तेथे दिवसाला ५,००० लिटर पाणी गाळले जाईल. १०० चौरस मीटरवर, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्यावर, हा आकडा ५ लाख लिटर होतो. एवढे पाणी रोज गाळणारे यंत्र बसवायचे म्हटले तर त्याला किती खर्च येईल आणि वीज किती लागेल, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. कालवे हे काम कोणतेही बिल न देता करतात.

घट वेगाने का होते?

एखाद्या विहिरीतून रोज थोडे पाणी उपसले तर तिची पातळी थोडी उतरते आणि झरे ती भरून काढतात. कालवांच्या बाबतीतही असेच होत असेल, असे आपल्याला वाटते. पण येथे झरेच आटत जातात. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण आजींनी सांगितलेच आहे. शिंपले गेले की अळ्यांना बसायला जागा उरत नाही. कोकणात आणि इतरत्रही शिंपले भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो तापवला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. मृत शिंपल्यांचा काही भाग असा वापरण्यात वावगे काही नाही. परंतु जिवंत थरच उखडून नेला, तर आपण पिकाबरोबर शेतही उचलून नेतो.

दुसरे कारण गणिताचे आहे. कालवांचे बीजांड व शुक्राणू पाण्यात सोडले जातात आणि त्यांची गाठ योगायोगाने पडते. रसायनशास्त्रात दोन द्रव्यांची अभिक्रिया किती वेगाने होईल, हे दोन्हींच्या संहतीच्या गुणाकारावर अवलंबून असते, हे तुम्ही शिकला आहात. येथेही तसेच समजा. वस्तीतील नर निम्मे झाले आणि माद्याही निम्म्या झाल्या, तर भेटींची संख्या निम्मी न राहता ½ × ½, म्हणजे पाव होते. वस्ती दहाव्या हिश्श्यावर आली तर भेटी शंभराव्या हिश्श्यावर येतात. निसर्गातील व्यवहार इतका सरळ नसतो, हे खरे. पण विरळ झालेली वस्ती आपोआप भरून का येत नाही, हे यावरून कळते.

तिसरे कारण अधिक विलक्षण आहे. कालवांच्या अनेक जातींत लहान वयाची कालवे बहुधा नर असतात आणि वय व आकार वाढल्यावर त्यांतील पुष्कळशी मादी बनतात. आपण मात्र निवडून मोठी कालवे काढतो, कारण त्यांत मांस अधिक. म्हणजे नकळत आपण माद्याच वेचून काढीत असतो.

दुसऱ्यांचा अनुभव

एका आजींच्या आठवणीवरून आणि कागदावरच्या गुणाकारावरून निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून होणार नाही, असे कोणी म्हणेल. ते योग्यच आहे. तेव्हा जेथे फार वर्षांच्या नोंदी उपलब्ध आहेत, अशा ठिकाणी काय घडले ते पाहू.

जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर कालवांचे मोठे थर होते. एकोणिसाव्या शतकात ते कमी होऊ लागले, तेव्हा कील येथील प्राध्यापक कार्ल मोबियस यांच्याकडे त्यांच्या अभ्यासाचे काम सोपविण्यात आले. १८७७ मध्ये त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कालवांचा थर म्हणजे केवळ कालवांचा साठा नव्हे; अन्न, जागा व परिस्थिती यांनी एकमेकांशी बांधलेल्या अनेक जीवांचा तो एक समाज आहे, असे त्यांनी दाखवून दिले. अशा जीवसमाजासाठी त्यांनी 'बायोसिनोसिस' हा शब्द घडवला. परिस्थितिविज्ञानाची एक मूलभूत कल्पना अशी कालवांच्या अभ्यासातून जन्माला आली, हे आपल्या लक्षात असत नाही. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८८३ मध्ये, इंग्लंडमधील थोर जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सली यांनी कॉड, हेरिंग यांसारखे समुद्रातील मोठे मत्स्यसाठे अक्षय आहेत, असे मत मांडले. लोकांना हक्सलींचे म्हणणे अधिक आवडले असल्यास नवल नाही. पण मोबियस यांनी अभ्यासलेली ती देशी कालवे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या किनाऱ्यावरून नाहीशी झाली.

अमेरिकेतील चेसापीक उपसागराचे उदाहरण याहून मोठे आहे. तेथे १८८० नंतरच्या दशकात कालवांचे उत्पन्न शिगेला पोचले. लोखंडी दातांचे जड सापळे बोटींच्या मागे बांधून समुद्रतळ खरवडला जात असे. त्याने कालवे तर गेलीच, पण त्यांचे उंच थरही सपाट झाले. सपाट तळावर गाळ साचतो, हे नदीच्या काठी राहणाऱ्यांना सांगायला नको. रॉजर न्यूएल या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये अंदाज केला, की १८७० पूर्वीची कालवे त्या उपसागराचे सारे पाणी सुमारे ३ ते ६ दिवसांत गाळून काढू शकत होती. १९८८ मध्ये उरलेल्या कालवांना त्याच कामाला जवळजवळ वर्ष लागले असते. पाणी गढूळ का राहू लागले, त्याच्या कारणांपैकी हे एक महत्त्वाचे.

साऱ्या जगाचा विचार केला, तर कालवांचे सुमारे ८५ टक्के थर नष्ट झाले आहेत, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत आढळले.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर गोव्याचे घेता येईल. गोव्यातील जुन्या घरांच्या व चर्चच्या खिडक्यांना काचेऐवजी चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांची तावदाने असत. हे शिंपले ज्या प्राण्याचे, तो कालवांचा दूरचा नातेवाईक असून झुआरी खाडीत चिखलीच्या परिसरात चिखलाळ तळावर राहतो. २००१ मध्ये या प्राण्याचे नाव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घालावे लागले. घरोघरी खिडक्यांना लावण्याइतका जो विपुल होता, त्याला कायद्याचे संरक्षण देण्याची पाळी यावी, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

समुद्राची राखण

आपल्या कोकणात कालवे काढणे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मग आजवर ती टिकली कशी? याचे उत्तर मला भरती-ओहोटीत सापडते. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते. त्यामुळे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी होते. हेच उधाण. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास ही दोन आकर्षणे काटकोनात येतात व पाणी फारसे मागे हटत नाही. याला कोकणात भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत खालच्या बाजूचे खडप पाण्याबाहेर येतच नाहीत. म्हणजे दर पंधरवड्यात तेथल्या कालवांना काही दिवसांची सुटी मिळते. पावसाळ्यात समुद्र खवळला की आणखी मोठी सुटी. काढणाऱ्या बाया हाताने काढीत, घरापुरते व गावच्या बाजारापुरते काढीत आणि शिंपला खडपावरच सोडीत. चंद्र, वारा आणि माणसाच्या हाताची मर्यादा यांनी मिळून ही राखण केली होती. कोणी लिहिलेला नियम नव्हता, पण नियम होता.

आता ही राखण सैल झाली आहे. बर्फ आहे, रस्ता आहे, दूरचे गिऱ्हाईक आहे. पर्यटकांच्या ताटात कालवे हवीत ती तिथी पाहून नव्हे. पहारीने गठ्ठा उखडणाऱ्याला एका उधाणात पुष्कळ माल मिळतो. शिवाय इतर आघात आहेतच. खाडीतील वाळू बेसुमार उपसली की गाळ उठतो व तो कालवांवर बसतो. कांदळवन तोडले की अळ्यांना बसण्याची जागा जाते. गावाचे सांडपाणी खाडीत सोडले, तर पाणी गाळणारे कालव त्यातील रोगजंतू व जड धातू आपल्या शरीरात साठवते. म्हणजे आपणच टाकलेली घाण आपल्या ताटात परत येते.

आणखी एक संकट डोळ्यांना दिसत नाही. हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्राच्या पाण्यात विरघळतो. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या वरच्या थरातील पाण्याचे पीएच मूल्य सुमारे ०.१ ने उतरले आहे. ०.१ म्हणजे किरकोळ, असे समजू नका. पीएच हे लॉगरिथमवर आधारलेले माप आहे. १० चा ०.१ वा घात सुमारे १.२६ येतो, म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण चौथ्या हिश्श्याहून जास्त वाढले. अशा पाण्यात कोवळ्या अळीला आपला शिंपला घडविणे जड जाते.

बंदी की शेती?

काही जण म्हणतील, कालवे काढण्यावर बंदीच घाला. मला हे पटत नाही. बंदीचा पहिला फटका त्या आजींसारख्या बायांना बसेल. त्यांचे नुकसान सर्वांत मोठे आणि अपराध सर्वांत लहान. शिवाय खडपावर रोज नजर ठेवणारे त्यांच्याइतके जाणते दुसरे कोण आहे?

दुसरे काही जण म्हणतील, कालवांची शेती करा म्हणजे प्रश्न सुटला. ही सूचना चांगली आहे आणि सिंधुदुर्गात तसे काम झालेही आहे. महिला बचत गटांना प्रशिक्षण देऊन खाडीत बांबूचे तराफे बांधण्यात आले. राज्य शासनाच्या २०१७ च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेतही कालवपालनाचा समावेश आहे. या तराफ्यांवर काय टांगतात, ठाऊक आहे? दोरीत ओवलेले रिकामे शिंपले! त्यांच्यावर अळ्या येऊन बसतात व वाढतात. म्हणजे आजींचे शास्त्र आणि प्रशिक्षणातले शास्त्र एकच. परंतु तराफ्यावर येणारी अळी आकाशातून पडत नाही. बीज तयार करणारे केंद्र जवळ नसेल, तर ते नैसर्गिक खडपावरच्या कालवांकडूनच यावे लागते. खडप उजाड करून तराफा भरणार नाही.

मग मार्ग कोणता? केरळातील अष्टमुडी सरोवराकडे पाहा. तेथे तिसऱ्यांसारखे शिंपले काढण्याचा मोठा धंदा आहे. परदेशातून मागणी वाढली आणि १९९१ मध्ये उत्पन्न १०,००० टनांवर गेले. दोनच वर्षांत ते निम्म्यावर आले. तेव्हा शास्त्रज्ञांचा सल्ला आणि मच्छीमारांची संमती यांतून नियम ठरले: डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननकाळात काढणे बंद, जाळ्याच्या भोकांचा आकार ठरलेला, लहान शिंपले घ्यायचे नाहीत. धंदा सावरला. २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातील पहिली मासेमारी ठरली.

कोकणातील प्रत्येक खाडीसाठी अशीच चार बंधने तेथील काढणाऱ्यांनीच बसून ठरवावीत, असे माझे मत आहे. प्रजननाचे महिने अभ्यासून त्या काळात हात राखावा. काही खडप एक-दोन वर्षे आळीपाळीने विसावू द्यावेत. पहार वर्ज्य करावी. आणि हॉटेलांनी व घरांनी रिकामे शिंपले उकिरड्यावर न टाकता खाडीला परत करावेत. यातील शेवटच्या गोष्टीला खर्च जवळजवळ नाही. फक्त पोते परतीच्या वाटेला रिकामे जाऊ द्यायचे नाही.

तुम्ही काय कराल?

घाटावरच्या विद्यार्थ्यांना वाटेल, आम्ही यात काय करणार? पण शिंपले आपल्या नद्यांतही आहेत. नदीकाठच्या वाळूत तुम्ही ते वेचले असतील. गोड्या पाण्यातील या शिंपल्यांच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून वाढतात. म्हणून मासे गेले की शिंपले जातात, आणि वाळू उपसली की तळच जातो.

एक प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. काचेच्या दोन सारख्या बरण्यांत नदीचे सारखेच गढूळ पाणी भरा. एकीत तीन-चार जिवंत शिंपले ठेवा, दुसरीत तेवढेच खडे. दर तासाला बरणीमागे छापील कागद धरून अक्षरे कोठल्या बरणीतून स्पष्ट दिसतात, ते नोंदवा. प्रयोग संपला की शिंपले जेथून आणले तेथेच सोडा. मग नदीकाठी एक चौरस मीटरची चौकट आखून त्यातील जिवंत व मृत शिंपले मोजा, लांबी मोजा, दिनांकासह वहीत लिहा. दर वर्षी तीच जागा, तोच महिना. वही पुढच्या वर्गाला सोपवा. कोकणातील शाळांनी हेच काम खडपावर, उधाणाच्या ओहोटीला, जाणत्या माणसाला बरोबर घेऊन करावे.

दहा वर्षांनी अशी वही हाती असेल, तर "पयले डबो भरायचो" या वाक्याला आकड्यांची साथ मिळेल आणि नियम ठरवताना कोणालाही ते म्हातारीचे बोलणे म्हणून उडवून लावता येणार नाही. तोपर्यंत आपल्या घरी कालवे किंवा तिसऱ्या आल्याच, तर ताटाशेजारी साचलेल्या शिंपल्यांच्या ढिगाकडे एकदा नीट पाहा. त्यातल्या प्रत्येकावर एखादे पिल्लू बसू शकले असते.